चिटणिसांचा पासवर्ड

आमच्या घरात इंटरनेटची सगळ्यात जास्त माहिती मला होती आणि सगळ्यात मोठा घोटाळाही मीच केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे अलकाचं, मत आहे. मी तिच्या मताचा आदर करतो. त्या शनिवारपासून तर जरा जास्तच करतो.

माहिती म्हणजे अर्थातच वर्तमानपत्रातली. सन दोन हजार एक. दर मंगळवारी आमच्या पेपरात संगणकाचं एक पान यायचं. मी सिंचाई विभागात मुख्य मानचित्रकार. कालव्यांचे नकाशे काढता काढता केस पांढरे झाले (ते काळे कसे दिसतात हा विषय पुढे निघणार आहेच, माझ्या मर्जीविरुद्ध), पण नव्या विषयाची हौस काही गेली नाही. ते पान मी कात्रीने कापून, पंच करून, फायलीला लावत असे. त्यात नवा संगणक कायदा आला, हॅकर नावाचे चोर आले, आणि मला बोलायला विषय मिळाला. ‘‘दुसऱ्याच्या मेलमध्ये परवानगीशिवाय डोकावलं तर तीन वर्षं आत!’’ हे मी उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या गल्लीत इतक्यांदा ऐकवलं की शेजारचे विलास रेगे मला लांबून पाहूनच स्कूटर वळवायला लागले.

‘‘श्रीनाथराव,’’ एकदा सापडले तेव्हा ते म्हणाले, ‘‘आपल्या घरात कोण डोकावून राहिलाय? आणि डोकावलाच, तर आपली परिस्थिती पाहून दोन पोळ्या ठेवून जाईल बिचारा.’’

अशा लोकांना प्रायव्हसी समजावायची म्हणजे कठीणच. हा शब्द मला फार आवडला होता. मराठीत ‘खासगी’ म्हटलं की काहीतरी भानगड आहे असं वाटतं. ‘प्रायव्हसी’ म्हटलं की माणूस एकदम बंगल्यात राहणारा वाटतो. खरं सांगायचं तर आमच्या घराण्याचा या वस्तूशी पूर्वी कधी संबंध आला नव्हता. आम्ही चिटणीस. आमच्या सहा पिढ्यांनी सरदारांची पत्रं फोडली, वाचून दाखवली आणि उत्तरं लिहिली. दुसऱ्याचं पत्र वाचणं हा आमच्याकडे आगाऊपणा नव्हता, नोकरी होती. सरदार गेले, सवय राहिली. घरात पत्र आलं की ते कर्त्या पुरुषाच्या हातात जाई, तो ते उभ्या उभ्या वाची, आणि मग ज्याचं पत्र त्याला त्यातला आवश्यक तेवढा मजकूर तोंडी सांगे. मी लहानपणापासून हेच पाहिलं आणि मोठेपणी हेच केलं. मंगळवारचं पान वाचायला लागल्यावरसुद्धा यात काही विसंगती आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

तर झालं असं की माझी मुलगी अपर्णा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि तिने बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज भरायला घेतला. अर्जात ई-मेलचा रकाना होता. तिला स्वतःचा मेल काढायचा होता.

‘‘घर एक, पत्ता एक,’’ मी म्हणालो. ‘‘मी आपल्या घराचा काढतो. दुसरा कशाला?’’

‘‘बाबा, तो फुकट मिळतो.’’

‘‘फुकट मिळतो म्हणून काय प्रत्येकाने भिंतीला आपापला दरवाजा पाडायचा?’’

ती गप्प बसली. अपर्णा गप्प बसली म्हणजे मी जिंकलो, असं मी तोपर्यंत समजत असे.

देवास गेटला बस स्टँडच्या समोर ओंकारजींचं सायबर सेंटर होतं. ओंकारजी मूळचे रामघाटावरचे तीर्थपुरोहित. सकाळी घाटावर यजमानांचं तर्पण, बारानंतर इंटरनेट. तीन संगणक, आणि तिघांच्या कपाळाला रोज ताजं कुंकू. मोडेम किंचाळायला लागला की ते हात जोडून डोळे मिटत आणि कनेक्शन लागलं की ‘जय महाकाल’ म्हणत. तंत्रज्ञानाबद्दल इतका आदर असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या भेटीतच मला ते आवडले.

‘‘पासवर्ड ऐसा रखो साहब, के भूलो नहीं,’’ ते म्हणाले.

मी सहा पिढ्यांचं चातुर्य पणाला लावलं. मला विसरता येणार नाही आणि दुसऱ्याला सुचणार नाही असा शब्द. एका मिनिटात सुचला. इकडेतिकडे पाहून, डाव्या हाताचा आडोसा करून, मी टाइप केलं: महाकाल. इंग्रजी अक्षरांत, म्हणजे आणखी अवघड.

तीन आठवडे गेले. दरम्यान अपर्णा बंगळूरला मुलाखत देऊन आली. मग एका रविवारी सकाळी विलास आणि सुलूवहिनी जोडीने आमच्याकडे आले. विलासच्या हातात कागदाची सुरळी होती.

‘‘पेढे काढा!’’ सुलूवहिनी दारातूनच ओरडल्या. ‘‘अपर्णाची मुलाखत छान झालीय! पक्कं पत्र येत्या आठवड्यात येणार. निवड झाली तर शनिवारी पाचच्या आत होकार कळवायचाय. मी सगळं नीट वाचलंय.’’

नीट म्हणजे किती नीट, तर त्यांनी शब्दकोश काढून दोन अवघड शब्दांचे अर्थ पेन्सिलीने कडेला लिहून आणले होते. तो माझ्या मेलमध्ये आलेल्या पत्राचा छापील कागद होता.

‘‘हे तुमच्याकडे कसं आलं?’’ मी विचारलं. आवाज शक्य तितका कायदेशीर ठेवला होता.

‘‘ओंकारजींनी दिला,’’ विलास म्हणाले. ‘‘म्हणाले, माधव नगरला जाऊन राहिले आहात तर घेऊन जा. वाटेत भय्यासाहेब भेटले, त्यांनीही पाहिला. फार खूश झाले.’’

दहा मिनिटांत गल्लीतल्या चार घरांतून अभिनंदन आलं. अपर्णा न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली तेव्हा लोक तिला तिचंच पत्र सांगत होते. तिने कागद घेतला, पेन्सिलीतले अर्थही वाचले, सुलूवहिनींना नमस्कार केला. सगळे गेल्यावर मला म्हणाली, ‘‘पत्र माझं, आणि वाचणारी मी सहावी. बाबा, पुढचं पत्र सगळ्यांत आधी मला वाचायचंय. एवढंच.’’

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. तिने चढवला नाही, त्यामुळे माझी पंचाईत झाली. मी चप्पल घातली आणि तडक देवास गेट गाठलं.

ओंकारजींनी मला बसवलं, चहा मागवला आणि लाल कापडात बांधलेली एक लांबलचक वही पुढ्यात उघडली. घाटावरच्या पुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळीची असते, तशीच. नाव, गाव, गोत्र, आजोबा, पणजोबा, आणि शेवटी नव्याने आखलेला एक रकाना: पासवर्ड.

‘‘यजमान का सब लिखके रखते हैं हम,’’ ते अभिमानाने म्हणाले. ‘‘आदमी भूल जाता है, बही नहीं भूलती.’’

मी रकान्यावरून बोट फिरवत गेलो. महाकाल. महाकाल. महाकाल. पान उलटलं. महाकाल. मध्ये दोन ठिकाणी हरसिद्धी देवीचं नाव होतं. बाकी सगळं उज्जैन एकाच किल्लीने उघडत होतं, आणि ओंकारजी ते रोज घाटावरून आल्यावर उघडून पाहत होते.

‘‘जिसका आया, छाप देता हूँ। उधर जाने वाले के हाथ भिजवा देता हूँ। आप टेम्पो के धक्के खाते आओ, अच्छा नहीं लगता साहब।’’

यासाठी ते वेगळं काहीही घेत नव्हते. दोनशे घरांची डाक हा माणूस केवळ प्रेमाने वाचत होता. त्या क्षणीसुद्धा मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि त्यामुळे तर मी जास्तच चिडलो. कौतुकास्पद माणसावर फिर्याद करणं फार जड जातं. तरी मी फाइल काढली, कायद्याचं कात्रण घेतलं आणि मंगळवारी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन ठाण्यात गेलो.

हवालदारांनी कात्रण उलटसुलट पाहिलं. मागच्या बाजूला साडीच्या सेलची जाहिरात होती, ती त्यांनी पूर्ण वाचली.

‘‘बोलो साहब।’’

‘‘मेरे मेल में लोग घुस रहे हैं।’’

‘‘ताला टूटा?’’

‘‘नहीं। चाबी सबके पास है।’’

‘‘चाबी किसने दी?’’

मी टेबलावरचं कात्रण सरळ केलं. हवालदारांनी पुढचा प्रश्न घेतला. ‘‘चिट्ठी गई क्या?’’

‘‘नहीं, वहीं है।’’

‘‘फाड़ी?’’

‘‘नहीं। उलटे छापकर घर पहुँचाई।’’

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ‘‘यानी चिट्ठी आपके घर पोंच गई, और आप रिपोर्ट लिखाने आए हो। भिया, हमारे यां लोग उलटी रिपोर्ट लिखाते हैं।’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘ओंकार गुरु भले आदमी हैं। अपना भी उन्हीं के पास है।’’

‘‘पासवर्ड?’’ मी न राहवून विचारलं.

हवालदारांनी भिंतीवरच्या महाकालाच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले.

परतताना भय्यासाहेब भेटले. भय्यासाहेब पोस्टातून हेड पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पंचाहत्तरी उलटलेली, आणि आमच्या समाजातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी माझी कैफियत काठीवर हनुवटी टेकून ऐकली.

‘‘तुझं चुकलंच श्रीनाथ. कुलूप असं लावतात का? महाकालाला तर अख्खं गाव हाक मारतं. अशी गोष्ट ठेव, जी तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. बायकोला नाही, शेजाऱ्याला नाही. आणि कुठे लिहून ठेवू नकोस.’’

मंगळवारचं पानही हेच म्हणत होतं. मी त्याच पावली देवास गेटला गेलो. ओंकारजी संध्येला बसले होते, हे बरंच झालं. कान अजून तापलेले होते. कोणालाही माहीत नसलेली गोष्ट विचार न करताच डोक्यात आली, बोटं चालली, पासवर्ड बदलला. लिहून ठेवायचं नाही हे मान्य. पण सरकारी माणूस, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून खिशातल्या डायरीत फक्त खूण केली: ‘ती गोष्ट.’ या दोन शब्दांवरून कोणाच्या बापालाही पत्ता लागणार नाही, असं मनाशी म्हणून मी समाधानाने घरी आलो.

गुरुवारी मेल उघडायला गेलो, डायरी काढली आणि वाचलं: ‘ती गोष्ट.’

कोणती?

वाचकहो, बावन्न वर्षांच्या माणसाजवळ अशा पाच-सात गोष्टी असतात. रागात माणसाला एक आठवते, राग गेला की दुसरीच. मी एक लावून पाहिली. चूक. दुसरी लावली. चूक. पाचव्या चुकीला यंत्राने सांगितलं की आज पुरे, उद्या या. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी एक सोय होती: आईचं माहेरचं आडनाव सांगा. पण अशा प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नाही, हेही मंगळवारच्या पानानेच शिकवलं होतं. मी आईचं माहेर बदललं होतं. कोणत्या घराण्यात टाकलं ते आता आठवत नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा पाच चुका झाल्या. शेवटी अपर्णाने एसटीडी बूथवरून बंगळूरला फोन लावला. तिकडचा कारकून फार सभ्य होता. म्हणाला, पत्रं बुधवारीच सगळ्यांना गेली. तुमची निवड झाली की नाही ते फोनवर सांगता येणार नाही, ते गोपनीय असतं. निवड झाली असेल तर होकार शनिवारी पाचच्या आत, त्याच मेलवरून आला पाहिजे. नाही आला तर जागा पुढच्याला.

‘‘पण सर, मीच अपर्णा चिटणीस बोलतेय.’’

‘‘मॅडम, असं कोणीही म्हणू शकतं.’’

मी बूथच्या काचेला कान लावून उभा होतो. माणूस शब्दन्‌शब्द माझ्या फायलीतलं बोलत होता. त्याचा राग यायचा तर कोणत्या तोंडाने?

अपर्णा बाहेर आली. तिने मला काही म्हटलं नाही. एका मुलीची दोन वर्षांची मेहनत मी कुलपात घालून किल्ली नदीत टाकली होती, आणि ती वाटेत माझ्याकडून पिशवी मात्र मागून घेत होती. माझी मान जी खाली गेली ती शनिवारी दुपारपर्यंत वर आली नाही.

शनिवारी तीनला आम्ही ओंकारजींकडे पोचलो तेव्हा विलास, सुलूवहिनी आणि भय्यासाहेब आधीच येऊन बसले होते. ओंकारजींनी दाराशी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं. ‘‘आज इंटरनेट बंद है, साहब का पासवर्ड ढूँढ रहे हैं।’’ ती गिऱ्हाइकं परत न जाता मदतीला आत आली. फोन लावायला आलेलं आगरकडचं एक यात्रेकरू जोडपं बाकावर होतं, तेही सरसावून बसलं. अलका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. घरून येताना भाजी मिळाली होती, आणि वेळ वाया घालवणं तिच्या स्वभावात नाही.

भय्यासाहेबांनी अध्यक्षपद घेतलं. माझी डायरी हातोहात फिरली.

‘‘हं. श्रीनाथ, तुझी अशी कोणती गोष्ट आहे जी आम्हाला माहीत नाही?’’

‘‘भय्यासाहेब, ती मी सांगितली तर माहीत होईल.’’

‘‘तुम्ही सांगू नका हो,’’ विलास म्हणाले. ‘‘आम्हीच सांगतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गचकलात, ती?’’

मी चमकलो. ही गोष्ट मी लग्नाच्या वेळीसुद्धा लपवली होती. ‘‘तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘अख्ख्या माधव नगरला माहीत आहे. टाका, टाका.’’

टाकली. चूक.

‘‘केस,’’ सुलूवहिनी म्हणाल्या. ‘‘एक रविवार सोडून एक रविवार. मागच्या गच्चीवर काळी मेंदी लावून उन्हात बसतात. आमच्या गच्चीवरून दिसतं ना!’’

यात्रेकरू बाईंनी माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. मेंदी टाकली. चूक.

‘‘गुरुवार को उपास रहता है साहब का,’’ ओंकारजी खाली मान घालून, फार संकोचाने म्हणाले, ‘‘और सामने वाली दुकान पे कचोरी... हमने कभी कुछ बोला नहीं।’’

मी अलकाकडे पाहिलं. ती शेंगा मोडत होती. कचोरी टाकली. चूक.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचातल्या तीन चुका संपल्या होत्या आणि माझी अब्रू कधीच संपली होती. वर्षभर मी प्रायव्हसीवर व्याख्यानं देत होतो, आणि माझ्याजवळ झाकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जे होतं ते सगळ्यांनी आधीच पाहून, नीट घडी करून, जागच्या जागी ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत कोणी तोंडावर हसलं नव्हतं. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा मला फक्त घाम येत होता.

‘‘एक राहिली,’’ भय्यासाहेब खाकरले. त्यांनी अलकाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. ‘‘म्हणजे... ग्वाल्हेरची.’’

विलास आणि सुलूवहिनी खाली पाहू लागले. म्हणजे हीसुद्धा! ग्वाल्हेरची जयू. मला पाहून तिने नकार दिला होता, आणि मी पुढे सहा महिने दाढी केली नव्हती.

‘‘जयू ना?’’ अलका शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. ‘‘टाका की. मी तिला दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते.’’

अपर्णाने टाकली. चूक.

आता एक उरली. ती चुकली की उद्या, आणि उद्या बंगळूरला जागा पुढच्याला. साडेचार वाजून गेले होते. ओंकारजींनी वही उघडून माझे पणजोबा घोड्यावरून पडले होते ही नोंद वाचून दाखवली, पण ती टाकायला कोणी धजावेना. अपर्णाचे हात की-बोर्डवर नुसतेच टेकलेले होते. मला खरंच रडू येईल असं वाटायला लागलं.

अलकाने शेंगांची पिशवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि उठली.

‘‘बदलला कधी?’’

‘‘मंगळवारी.’’

‘‘ठाण्यातून आल्यावर?’’

‘‘हो.’’

‘‘रागात होतात?’’

‘‘होतो.’’

‘‘राग कशाचा होता?’’

‘‘कशाचा म्हणजे? पत्र एकाचं आणि फोडायचं दुसऱ्याने, याचा.’’

ती अपर्णाला म्हणाली, ‘‘सरक.’’ तिने खुर्ची घेतली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, देवापुढे फुलं वाहावीत तशी आठ अक्षरं दाबली. मोडेमवरचे दिवे लुकलुकले. आणि पेटी उघडली.

काय जल्लोष झाला! ओंकारजींनी शंख काढायचा तेवढा बाकी ठेवला. ‘‘काय होतं? काय टाकलंत?’’ सुलूवहिनींनी अलकाला धरलंच.

‘‘ते आमच्या घरातलं आहे,’’ अलका म्हणाली आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसली.

तुम्हाला सांगतो. डेहराडून. एकवीस वर्षांचा असताना मी तिथल्या नकाशांच्या मोठ्या सरकारी खात्यात प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता, हिमालयाचे नकाशे काढायला मिळतील म्हणून. एके दिवशी जेवताना वडील म्हणाले, ‘‘डेहराडूनचं आलं होतं. निवड झालीय. मी नाही म्हणून कळवलं, आईची तब्येत बरी नसते.’’ मी ‘बरं’ म्हणालो आणि ताक मागून घेतलं. पत्र मी कधी पाहिलं नाही, आणि ही गोष्ट कधी कोणाजवळ बोललो नाही.

‘‘तुला कसं माहीत?’’ मी अलकाच्या कानाशी जाऊन विचारलं.

‘‘मामंजींनी सांगितलं, शेवटच्या दुखण्यात. त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं हो.’’

मामंजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं या बाईने ती गोष्ट सांभाळली, आणि मी मंगळवारच्या पानावरून तिला प्रायव्हसी शिकवत होतो! माझ्या आयुष्यात मी इतका मोठा माणूस पाहिलेला नाही, आणि तो माझ्याच घरात गवार निवडत होता.

तेवढ्यात विलास ओरडले, ‘‘आलंय! बुधवारचं आलंय!’’ सगळे एकदम पडद्यावर वाकले. यात्रेकरू वाकले. मीही वाकलो, शेवटी चिटणीस आहे. अपर्णाचा हात माउसवर होता. पण ती दाबत नव्हती. नुसती थांबली होती.

मी सरळ झालो, आणि पाठ फिरवली.

एवढंच. भय्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी टेकत तेही वळले. विलास वळले, सुलूवहिनींना त्यांनी खांद्याला धरून वळवलं. ओंकारजी वळले आणि त्यांनी डोळेसुद्धा मिटले. काय चाललंय हे न कळताही यात्रेकरू जोडपं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. बहुधा हा इथला काही विधी असेल असं त्यांना वाटलं. अख्खं सायबर सेंटर भिंतीकडे पाहत होतं. माझ्यासमोर महाकालाची तसबीर होती आणि तिच्या काचेत पडद्याचं प्रतिबिंब पडलं होतं. थोडं पुढे झालो असतो तर अक्षरंही लागली असती. मी डोळे मिटून घेतले.

मागे एक क्लिक झालं. मग काहीच नाही. मग नाक ओढल्याचा आवाज.

‘‘रडतेय की काय?’’ सुलूवहिनी कुजबुजल्या.

‘‘पलटें क्या, बिटिया?’’ ओंकारजींनी डोळे मिटूनच विचारलं.

‘‘अजून नाही,’’ अपर्णा म्हणाली. ‘‘आधी उत्तर लिहू द्या.’’

म्हणजे निवड झाली होती. उत्तर काय लिहिणार होती ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मी तर तिला कधी विचारलंही नव्हतं. इंदूरच्या कॉलेजातली नोकरी जवळची आहे, असं मीच दोनदा म्हणालो होतो. की-बोर्ड बराच वेळ वाजत राहिला. बाहेर देवासच्या बसवाल्याने दहा वेळा ‘देवास, देवास’ म्हणून घेतलं.

‘‘पाठवलं,’’ अपर्णा म्हणाली. पाचाला सात मिनिटं होती.

आम्ही वळलो. काय पाठवलं, हे कोणीही विचारलं नाही. सुलूवहिनींनी विचारलं नाही! त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि मला वाटतं त्यात न विचारण्याचे कष्टही होते. भय्यासाहेबांनी अपर्णाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते काठी टेकत जिना उतरले.

घरी जाताना अलका आणि सुलूवहिनी पुढे होत्या. अपर्णा माझ्या बाजूने चालत होती. फ्रीगंजचा पूल उतरल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, बंगळूरला थंडी असते का हो?’’

‘‘मला काय माहीत, बाळ? मी कधी कुठे गेलोय?’’ मी म्हटलं. ‘‘तू जा. आणि वाटलं, तर कळव.’’